दप्तरखान्यातील अद्भुत

वाल्टर मोअर्स या जर्मन लेखकाची ‘द सिटी ऑफ ड्रीमिंग बुक्स’ ही कादंबरी मूळ भाषेत २००४ साली प्रसिद्ध झाली. तिचे इंग्रजी भाषांतर मी यंदाच्या पावसाळ्यात, वाकोल्याकडील रस्ते अर्ध्या पोटरीपर्यंत पाण्यात असताना आणि घरातील कपाटांना कुबट वास सुटलेला असताना, रोज थोडी थोडी पाने पुरवून वाचले. अद्भुतरम्य वाङ्मय हे बालपणी वाचावे आणि मिसरूड फुटल्यावर विसरावे, अशी एक समजूत आपल्याकडील सुशिक्षित वर्गात रूढ आहे. तिचा थोडासा अंमल माझ्यावरही होता. परंतु या ग्रंथाने तो इतक्या सहजतेने उठविला की, पुढे पुढे बाहेरचा पाऊस थांबू नये आणि आपणांस घराबाहेर पडण्याचा प्रसंग येऊ नये, असेच वाटू लागले.

कथानायक हा एक तरुण सरड्याच्या जातीचा लेखक. त्याचा वाङ्मयगुरू मरतेसमयी त्याच्या हाती एक निनावी हस्तलिखित ठेवतो. ते इतके निर्दोष असते की, ते लिहिणारा कोण, याचा शोध घेतल्यावाचून शिष्यास चैन पडत नाही. हा शोध त्याला बुकहोम नावाच्या नगरात आणतो, जेथे जुन्या पुस्तकांचा व्यापार हाच साऱ्या प्रजेचा चरितार्थ आहे आणि ज्याच्या पोटात, मैलोगणती पसरलेल्या भुयारांत, विस्मृत ग्रंथांचे साठे पडून आहेत. या भुयारांत सशस्त्र ग्रंथशिकारी वावरतात. अतिमौल्यवान पुस्तकांची एक सुवर्णफेरिस्त असते, आणि तीत ज्याचे नाव चढले त्या पुस्तकापायी माणसे मारली जातात. विषारी पाने असलेला एक ग्रंथ हाताळल्यामुळेच आमचा नायक बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तो पाताळात. पुढचे मी सांगत नाही. मधल्या भागात भुयारांची वर्णने अंमळ लांबली आहेत, एवढी तक्रार मात्र नोंदवून ठेवतो.

माझे मन जडले ते त्या पाताळातील एका लहानशा एकाक्ष जमातीवर. या जमातीतील प्रत्येक जीव एकेका ग्रंथकाराचे नाव धारण करतो आणि त्या ग्रंथकाराचे समग्र वाङ्मय मुखोद्गत करतो. त्यांची क्षुधाही वाचनानेच शमते. नायक त्यांच्यात आला, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या ग्रंथकाराचा एकेक उतारा म्हणून दाखवावा आणि त्याने त्यावरून नाव ओळखावे, असा एक विधीच होतो. ग्रंथकारांची नावे खऱ्या साहित्यिकांच्या नावांतील अक्षरे उलटसुलट करून बनविलेली असल्यामुळे वाचकासही हे कोडे नायकाच्या बरोबरीने सोडविता येते; गटेचे नाव मला सापडले, तेव्हा परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचा आनंद झाला.

युरोपीय वाचकास ही मौखिक ग्रंथालयाची कल्पना विलक्षण वाटत असेल. आपणांस ती ओळखीची आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी खेपा घालून, माणसे गाठून जमविल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. खिलजीच्या धामधुमीत ती मूळ प्रत नाहीशी झाली, तेव्हा हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणातून ते पुन्हा उभे राहिले, असे महानुभाव परंपरा सांगते. मराठीतील आद्य गद्यग्रंथ काही काळ केवळ माणसांच्या मस्तकांत वस्तीला होता, ही गोष्ट मोअर्सच्या पाताळाहून तिळमात्र कमी अद्भुत नाही. इंद्रायणीच्या डोहातून तेरा दिवसांनी वर आलेल्या वह्यांची आख्यायिका तर कोणास सांगावयासच नको.

पाश्चात्त्य कथांतून ग्रंथांचा शत्रू बहुधा अग्नी असतो. बुकहोमवरही आगीचे सावट आहेच. आमच्याकडे तो मान पाण्याचा. आकाशवाणीवरील हवामानवृत्तामुळे कुलाबा आणि सांताक्रूझ ही दोन नावे साऱ्या महाराष्ट्राच्या कानांत जोडीने बसलेली आहेत. त्यांपैकी सांताक्रूझच्या वेधशाळेत २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. भांडी, गाद्या, धान्य यांचा हिशेब पंचनाम्यात होतो. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांतून लगदा झालेल्या पुस्तकांची फेरिस्त कोण करणार? कसर आणि वाळवी हे आणखी दोन बारमाही मानकरी. जुन्या पोथ्यांचे लेखक हे सर्व जाणून होते. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि मूर्खाच्या हातापासून माझे रक्षण करा, अशी विनवणी ते पोथीच्या अखेरीस घालीत, आणि तीही स्वतःच्या नव्हे तर पुस्तकाच्याच तोंडी. बोलणारे पुस्तक आपल्याकडे असे केव्हाच होऊन गेले. मात्र ते मागणे काय मागते, तर बंदोबस्त.

या कादंबरीचा खरा रस मला येथेच सापडला. जादू, राक्षस आणि भुयारे कोणीही योजील. परंतु फेरिस्ती, बांधणी, नकला, अस्सल आणि बनावट यांची पारख, कोणते पुस्तक कोणी हाताळावे याचा शिरस्ता, या रुक्ष कारकुनी व्यवस्थेतूनच मोअर्सचे अद्भुत उगवते. हॉर्हे लुई बोर्हेस याने १९४१ साली अनंतवत् ग्रंथालयाची कथा प्रसिद्ध केली, तेव्हा तो ब्वेनोस आयरिसच्या एका नगर-ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्याची नोकरी करीत होता. त्याच्या त्या काल्पनिक ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तकाची पाने ४१० आणि प्रत्येक पानावरील ओळी ४० असतात; हा हिशेब केवळ कवीला सुचला नसता, त्यास कारकूनही लागतो.

मग आपल्या अद्भुत कादंबरीकारांनी हा मुलूख मोकळा का सोडला? १८६८ सालची रिसबुडांची ‘मंजुघोषा’ घ्या किंवा नाथमाधवांचा ‘वीरधवल’ घ्या. राजवाडे, वेषांतरे, गूढ पुरुष यांची रेलचेल, पण ग्रंथागाराच्या दाराशी कथानक अडखळत नाही. वास्तविक सामग्री हाताशी होती. तंजावरास भोसल्यांच्या सरस्वती महालात चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. १७९८ ते १८३२ राज्य केलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी काशीयात्रेतही पंडितांकरवी पोथ्या जमविल्या आणि उतरवून घेतल्या. राज्याची सत्ता कंपनी सरकारने काढून घेतल्यावर ज्या राजाने ग्रंथांचे राज्य वाढविले, तो कादंबरीचा नायक नव्हे तर काय?

आणि पुण्यातील पेशवे दप्तर! रुमालांत बांधलेले मोडी कागद, रांगांमागून रांगा. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तरी मूळ ढीग जागेवरून हलल्यासारखा दिसत नाही. एखादा रुमाल उघडताच त्यातील जासूद बाहेर पडावा, थैलीतील खलित्याचे उत्तर घेतल्यावाचून परत जाण्यास त्याने नकार द्यावा, आणि ज्यास ते उत्तर लिहावयाचे तो अधिकारी पानिपतावर पडलेला असावा, एवढ्यावर कोणी लेखक चारशे पाने सहज लिहील. नायक मात्र तलवारबहाद्दर नको. मोडी घडाघडा वाचणारा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला, बढती रखडलेला दप्तरातील कारकून हवा. आणि अशी कादंबरी कोणी खरोखर छापावयास घेतलीच, तर माझी प्रत आगाऊ रक्कम भरून आजच नोंदवून ठेवण्याची माझी तयारी आहे.