सूतिकोन्माद : औषध कीं समुपदेशन?

बाळंतिणीच्या शरीराची जितकी काळजी आमच्या घरांतून घेतली जाते, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाच्या वांट्याला येत असेल. डिंकाचे व अळिवाचे लाडू, शेकशेगडी, धुरी, अंगाला लावणारी बाई, कानाला बांधावयाचा रुमाल, या सर्वांची व्यवस्था सातव्या महिन्यापासूनच ठरूं लागते. परंतु त्याच बाळंतिणीचें मन बिघडलें तर काय करावयाचें, याची टिपणी कोणत्याहि घरच्या वहींत सांपडावयाची नाहीं. म्हणूनच तसा प्रसंग आला म्हणजे चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांचीहि बुद्धि डळमळते.

एका वाचकभगिनीनें आम्हांस पाठविलेलें पत्र या दृष्टीनें विचार करण्यासारखें आहे. त्यांची धाकटी नणंद पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. प्रसूति सुखरूप झाली. पांचव्या रात्रीपासून मात्र मुलीची झोंप उडाली, आणि झोंप नसूनहि थकवा म्हणून नाहीं. सारखें बोलणें, कपाटें आवरणें, चिठ्ठ्या लिहून उशीखालीं ठेवणें. आठव्या दिवशीं ती वहिनीच्या कानांत सांगूं लागली कीं, रुग्णालयांत बाळ बदललें गेलें आहे. घरच्या डॉक्टरांनीं आजच्या आज मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावयास सांगितलें. त्यावर घरांत वाद सुरू झाला. वडिलांचें म्हणणें, अंगावर पाजणाऱ्या आईला असलीं औषधें द्यावयाचीं नाहींत. थोरले बंधु म्हणाले कीं पोर दमली आहे, तिच्याशीं कोणीतरी जाणत्यानें शांतपणें बोललें पाहिजे, समुपदेशक गांठूं. आजीनें मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. सासरीं कळवावें कीं न कळवावें यांत आणखी एक दिवस गेला. चौथ्या दिवशीं पहांटे ती बाळाला घेऊन गच्चीच्या कठड्यापाशीं उभी असलेली दिसली. दैव बलवत्तर म्हणून वहिनीला वेळेवर जाग आली. पुढें रुग्णालय, औषधें, आणि दीड महिन्यानें मुलगी पूर्ववत् झाली. पत्राच्या शेवटीं प्रश्न असा : औषध आणि समुपदेशन यांतलें शास्त्राला धरून कोणतें?

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं एक घोटाळा दूर केला पाहिजे. बाळंतपणानंतर मनाला जें कांहीं होतें, त्याला आपण सरसकट एकच नांव देतों. वस्तुतः येथें तीन अगदीं निरनिराळ्या अवस्था आहेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं उगीच रडूं कोसळणें, चिडचिड होणें, हें निम्म्याहून अधिक बाळंतिणींना होतें आणि दोन आठवड्यांच्या आंत आपोआप ओसरतें. त्याला गोळीहि नको आणि तज्ज्ञहि नको; जवळचें माणूस आणि थोडी झोंप पुरे. दुसरी अवस्था नैराश्याची. दोन आठवडे उलटले तरी मन उठत नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, बाळाकडे पाहून माया दाटून येत नाहीं, आणि ती येत नाहीं म्हणून आपली आपल्यालाच शरम वाटते. भारतांतील ३८ अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१७ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत हें प्रमाण शेंकडा २२ भरलें. तिसरी अवस्था उन्मादाची; हिलाच जुने वैद्य सूतिकोन्माद म्हणत. ती हजार प्रसूतींमागें एखाद-दुसऱ्या स्त्रीलाच होते. पण आपल्या देशांत वर्षाला दोन कोटींहून अधिक बालकें जन्मास येतात हें लक्षांत घेतलें, म्हणजे निदान वीस हजार घरांतून दरसाल हा प्रसंग येत असला पाहिजे, हें उघड आहे.

हा रोग कांहीं नवा नाहीं. लुई व्हिक्तोर मार्से या फ्रेंच वैद्यानें गर्भिणी व सूतिका यांच्या उन्मादावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो १८५८ सालीं. त्याची ओळख पटविणारी मुख्य खूण म्हणजे त्याचा वेग. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, पुष्कळदां पहिल्या कांहीं दिवसांतच तो सुरू होतो, आणि काल शहाणी असलेली मुलगी आज ओळखूं येत नाहीं. झोंप उडते, विचार एकमेकांवर आदळतात, संशय, भास, भ्रम उत्पन्न होतात, कोणता दिवस, कोणती वेळ, याचें भान सुटतें. घरच्यांना सर्वांत जास्त फसविणारें लक्षण दुसरेंच आहे. या विकाराला भरती-ओहोटी असते. सकाळीं ती सर्वांशीं नीट बोलते, पाहुण्यांना चहा विचारते, आणि घरांतील मंडळी सुटकेचा नि:श्वास टाकून डॉक्टरची वेळ रद्द करतात. संध्याकाळीं पुन्हां तेंच. वरील पत्रांतहि गच्चीच्या आदल्या रात्रीं मुलगी 'अगदीं पहिल्यासारखी' जेवली असा उल्लेख आहे.

तेव्हां आमचें उत्तर निःसंदिग्ध आहे. सूतिकोन्मादांत औषध अगोदर, तेंहि रुग्णालयांत, आणि दिवस न मोजतां तास मोजून. येथें समुपदेशनानें आरंभ करूं पाहणें म्हणजे बुडत्याला कांठावरून पोहण्याचे धडे देणें होय. बोलण्यानें बरें व्हावयास ऐकणाऱ्याचें अवधान शाबूत असावें लागतें, कालचें आज आठवावें लागतें, समोरच्यावर विश्वास असावा लागतो. ज्या मुलीला आपली आईच वेषांतर करून आलेली कोणी परकी वाटते, तिच्यापाशीं या तिन्हींपैकीं एकहि उरलेलें नसतें.

औषधांचा गुण येत नाहीं ही समजूतहि निराधार आहे. ऑस्ट्रेलियांतील जॉन केड या डॉक्टरांनीं उन्मादावर लिथियमच्या क्षाराचा उपयोग दाखविला तो १९४९ सालीं. पुढें हॉलंडांतील रॉटरडॅम येथील तज्ज्ञांनीं सूतिकोन्माद व त्याच जातीच्या विकारांनीं पीडित अशा ६४ स्त्रियांच्या उपचारांचा वृत्तान्त २०१५ सालीं प्रसिद्ध केला. प्रथम झोंपेचें औषध, तेवढ्यानें न भागल्यास भ्रम घालविणारें औषध, आणि तेंहि अपुरें पडल्यास लिथियम, अशी त्यांची पायरीपायरीची योजना होती. तींत जवळजवळ साऱ्याच बऱ्या झाल्या. प्रकृति फारच खालावली असेल, अन्नपाणी सुटलें असेल, तर विजेचा उपचारहि फार लवकर गुण देतो. चित्रपटांनीं त्याचें जें भेसूर चित्र आपल्या मनांत बसविलें आहे, तें काढून टाकावें. भूल दिल्यावांचून तो उपचार करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मनाईच केली आहे.

रुग्णालयाचा आग्रह आम्ही आणखी एका कारणासाठीं धरतों. उन्मादासारखें दिसणारें सर्वच मनांतून निघालेलें असतें असें नाहीं. प्रसूतीनंतरचा जंतुदोष, कंठस्थ ग्रंथीचा बिघाड, मेंदूंतील शिरेंत रक्ताची गुठळी, यांनींहि बाळंतीण बरळूं लागते, आणि तीं कारणें न शोधतां नुसती मनाची समजूत घालीत बसल्यास जिवावर बेतते. (बाळंतिणीला पाणी बेतानें द्यावें, ही कित्येक घरांतील चाल येथें आठवते. शरीरांतील पाणी आटलें म्हणजे अशा गुठळीचा संभव वाढतो, हें भारतांतील डॉक्टरांनींच दाखवून दिलें आहे. लाडवांबद्दल आमची कांहींच तक्रार नाहीं. तांब्या मात्र तिच्या उशाशीं भरलेला असावा.)

आतां दुधाचा प्रश्न. वडिलांची शंका अनाठायीं म्हणतां येणार नाहीं, कारण सर्व औषधें या बाबतींत सारखीं नाहींत. नैराश्यावर दिलें जाणारें सर्ट्रालिन दुधांत फार थोडें उतरतें. भ्रमावरील कित्येक औषधेंहि देखरेखीखालीं चालतात. लिथियम मात्र दुधांत बरेंच उतरतें, म्हणून तें चालू असतां बहुधा वरचें दूध देण्याचा सल्ला मिळतो. मनोविकारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ या दोघांना एकत्र विचारून हा निर्णय करावा, घरच्या बैठकींत करूं नये. आणि समजा अंगावरचें दूध सोडावें लागलें, तर त्यांत एवढें आभाळ कोसळण्यासारखें काय आहे? वरच्या दुधावर लाखों मुलें धडधाकट वाढलीं आहेत. उपचारांवांचून राहिलेल्या उन्मादांत माता आत्मघात करते, क्वचित् बाळाच्याहि जिवाला अपाय होतो, आणि तो दुष्टपणानें नव्हे तर भ्रमानें. गोळीचा धोका आणि रोगाचा धोका हे एकाच ताजव्यांत घालून तोलले पाहिजेत. एकच पारडें पाहून निवाडा करतां कामा नये.

तथापि समुपदेशनाला आम्ही कमी लेखतों असा समज कोणीं करून घेऊं नये. नैराश्याच्या अवस्थेंत तेंच बहुधा पहिलें औषध होय. पाकिस्तानांत रावळपिंडीच्या आसपासच्या खेड्यांतून तेथील साध्या आरोग्यसेविकांना घरोघर जाऊन मातांशीं पद्धतशीर बोलण्याचें शिक्षण देण्यांत आलें. २००८ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्यानें ग्रासलेल्या ज्या मातांना ही भेट मिळाली, त्यांच्यांत सहा महिन्यांनंतर शेंकडा २३ जणीच आजारी राहिल्या. ज्यांना केवळ नेहमींच्या भेटी मिळाल्या, त्यांच्यांत शेंकडा ५३. त्या सेविका कोणी पदवीधर तज्ज्ञ नव्हत्या. जवळच गोव्यांत म्हापशाच्या रुग्णालयांत बाळंत झालेल्या स्त्रियांचा अभ्यास २००२ सालीं प्रसिद्ध झाला, तो आमच्या सासू-सासऱ्यांनीं मुद्दाम मनावर घेण्यासारखा आहे. नैराश्याचें प्रमाण तेथें शेंकडा २३ होतें. नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांनीं तें वाढत होतें. 'पहिली बेटी, धनाची पेटी' असें तोंडानें म्हणून पेढ्यांऐवजीं बर्फी वांटतांना चेहरे उतरलेले असले, तर बाळंतिणीला तें दिसत नाहीं काय? अशा ठिकाणीं नुसती गोळी काय करणार? गोळी सुनेनें घ्यावयाची आणि सुधारावयाचें मात्र बाकीच्यांनीं, असा हा प्रकार आहे. नैराश्य तीव्र असलें, जगणें नको असें बोल निघूं लागले, तर अर्थातच दोन्ही उपाय एकदम हवेत.

उन्माद ओसरल्यावर तर समुपदेशनाची खरी वेळ येते. भ्रमांत आपण काय बोललों, बाळाला घेऊन कोठें निघालों होतों, हें तिला तुकड्यातुकड्यांनीं आठवूं लागतें. लाज वाटते, भीति वाटते. आपल्यापाशीं कोणी बाळ एकटें सोडीत नाहींत हें तिला समजतें. बाळाशीं जुळावयाचे पहिले आठवडे हातचे गेलेले असतात. बंगळूरच्या 'निमहान्स' या राष्ट्रीय संस्थेंत आई व बाळ यांस एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष २००९ सालापासून आहे तो याचसाठीं. तसे कक्ष आपल्या देशांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेहि नसावेत, ही खेदाची गोष्ट होय. तथापि तीन वर्षांच्या आंतील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः दूर करूं नये, असें २०१७ च्या त्याच कायद्यानें सांगितलें आहे. हा आपला हक्क घरच्यांनीं रुग्णालयांत विचारावयास संकोच करूं नये.

एक शब्दभेदहि येथें सांगितला पाहिजे. घरांत जें चालतें तो उपदेश : 'आम्हांला काय मुलें झालीं नाहींत?', 'मन घट्ट कर', 'देवाचें नांव घे'. त्यांत सांगणारा बोलतो आणि दुःखी माणूस गप्प बसतो. समुपदेशनांत नेमकें याच्या उलट घडतें. थोरल्या बंधूंना हवें होतें त्याचें नांव समुपदेशन असलें, तरी त्यांच्या मनांतील रूप उपदेशाचेंच असावें असा आम्हांस दाट संशय आहे. गोळी घेतली म्हणजे 'वेडाचा' शिक्का बसतो आणि बोलणें मात्र सभ्य, ही आमच्या सुशिक्षित वर्गाची खरी अडचण आहे. शास्त्र त्यांत नांवापुरतें.

एकत्र कुटुंबाच्या हातीं मात्र एक उपाय असा आहे कीं जो कोणत्याहि तज्ज्ञाजवळ नाहीं, आणि तो म्हणजे रात्र. जागरणानें हा विकार चेतवला जातो. सटवाईच्या रात्रीं जागावयाचें असेल तर आजीनें, मावशीनें, बाळाच्या बापानें जागावें. बाळंतिणीला झोंपूं द्यावें. पाजून झालें कीं बाळ दुसऱ्या खोलींत नेणारें कोणी घरांत असणें ही मोठी संपत्ति आहे. औषधें चालू असतां तर ही पाळी ठरवूनच घ्यावी. शिवाय बरें वाटतांच 'आतां कशाला' म्हणून गोळ्या थांबविण्याची घाई करूं नये. त्या कित्येक महिने घ्याव्या लागतात. मुलगी माहेराहून सासरीं निघाली म्हणजे बाळंतविड्याबरोबर औषधांचा कागदहि सासूबाईंच्या हातीं उघडपणें द्यावा. मध्यरात्रीं कोणाला विचारावें हें न सुचल्यास सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठींतूनहि उत्तर देतो; मात्र भ्रम दिसत असतां दूरध्वनीवर न थांबतां जवळचें रुग्णालय गांठावें.

राहिला प्रश्न पुढच्या बाळंतपणाचा, आणि त्याबरोबर लपवालपवीचा. ज्या स्त्रीला एकदां सूतिकोन्माद झाला, तिला पुढील खेपेस तो पुन्हां होण्याचा संभव तिघींत एकीला, किंबहुना त्याहूनहि अधिक असतो. ज्या मुलीला लग्नापूर्वीं उन्माद व नैराश्य यांचे आळीपाळीनें झटके येऊन गेले आहेत, तिलाहि पहिल्याच प्रसूतींत पांचांत एक एवढा धोका असतो. प्रसूति होतांच प्रतिबंधक औषध चालू केल्यास तो पुष्कळ टळतो. परंतु त्यासाठीं प्रसूतितज्ज्ञाला तें अगोदर ठाऊक पाहिजे. आमच्याकडे पत्रिका पाहतांना नाडी व मंगळ तपासतात, आणि ही एक गोष्ट मात्र माहेरची मंडळी गिळून टाकतात. मग सासरच्यांना ती बाराव्या दिवशीं कळते, आणि डॉक्टरला तर कधींच नाहीं. आईनें मुलीला घेऊन प्रसूतितज्ज्ञाकडे सातव्या महिन्याच्या आंत जावें, मागचे सर्व कागद पुढें ठेवावे, आणि त्या वेळीं जांवयालाहि आंत बोलवावें.