घोडा तीन, उंट सव्वातीन : हा पाढा बंद करा

घोडा तीन, उंट सव्वातीन, हत्ती पाच, वजीर नऊ. सातारा-सांगलीकडे सुट्टीतल्या बुद्धिबळाच्या वर्गाला जाणारी मुलं हा पाढा धडाधडा म्हणतात. उंट पाव गुणाने भारी का, असं विचारलं की मात्र एकच उत्तर येतं : "सरांनी सांगितलंय." माझं भांडण या उत्तराशी आहे.

शतरंज जायज की नाजायज हा वाद आपल्यात जुना आहे, तो आज नको. ज्या घरांनी मुलांना पटापर्यंत पाठवलं आहे, त्यांच्याशी मी बोलतोय. बी.एड.ला आम्हा सगळ्यांना एक सूत्र घोटून घेतलं होतं : उदाहरणांकडून नियमाकडे. इथे उलटं चाललंय. उदाहरण एकही नाही, नियम आधी, आणि तोही अर्धवट.

त्याचा परिणाम पटावर दिसतो. शाळेच्या स्पर्धेत बघा, मूल तीन-तीन चाली खर्चून घोडा नाचवतं आणि समोरचा उंट मारून खूश होतं. तो उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला होता, त्याला तसंही काही करता येत नव्हतं. पाव गुण कमावला आणि पटावरचा सगळ्यात कामाचा घोडा गेला. हिशेब बरोबर, डाव खलास.

उंटाची बाजू मी झाकत नाही. रिकाम्या पटावर उंट कडेला असला तरी सात घरं धरतो, मध्यावर तेरा. घोडा कोपऱ्यात दोन, मध्यावर फार तर आठ. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला उंटाला एक चाल पुरते, घोड्याला सहा लागतात. घोडा कडेला असेल आणि त्याच आडव्या रांगेत मध्ये दोन घरं सोडून उंट उभा राहिला, तर घोड्याच्या चारही वाटा बंद होतात. पट काढा आणि करून बघा.

आता घोड्याची बाजू. उंट जन्मभर एकाच रंगाच्या घरांत फिरतो. चौसष्टपैकी बत्तीस घरं त्याला कायमची परकी. घोडा सगळीकडे जातो आणि वाटेत कोण उभं आहे ते विचारत नाही. प्यादी एकमेकांना भिडून मध्य बंद झाला की सव्वातीनचा उंट भिंतीकडे तोंड करून बसतो आणि तीनचा घोडा भिंत ओलांडतो.

सातारकरांना हे वेगळं सांगायला नको. घाटात, खिंडीत, झाडीत मराठ्यांच्या हलक्या घोडदळाने बलाढ्य फौजा जेरीस आणल्या. १७६१ साली पानिपतच्या मोकळ्या मैदानात अब्दालीकडे उंटांवर बसवलेल्या छोट्या तोफा, जंबुरक, होत्या आणि त्यांनी मराठ्यांची दाणादाण उडवली. जनावरं तीच होती. मैदान बदललं तशी त्यांची किंमत बदलली.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून आणखी एक गंमत सांगतो. उर्दूत या तिरप्या मोहऱ्याला 'फील' म्हणतात. फील म्हणजे हत्ती, सूरह फीलमधला तोच शब्द. मराठीत हत्ती कोपऱ्यात गेला आणि त्याच्या जागी उंट आला. जुन्या शतरंजमध्ये हा फील तिरपा, बरोबर दोन घरं उडायचा. अख्ख्या पटावरची आठच घरं त्याच्या नशिबात. अब्बासी काळातल्या अरबी ग्रंथांनी मोहऱ्यांची किंमत दिरहममध्ये लावली, तेव्हा रुख एक दिरहमचा, घोडा दोन तृतीयांश दिरहमचा आणि फील त्याहून कितीतरी खाली. पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात त्याची चाल लांबली आणि तो घोड्याच्या बरोबरीला आला. म्हणजे हा भाव आकाशातून उतरलेला नाही. नियम बदलले, तसा भाव बदलला.

आपल्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. डाव हळू उघडायचा आणि बंद पटात घोडा तेजीत असायचा. पंजाबचे मीर सुलतान खान हाच देशी खेळ खेळून मोठे झाले, मग विलायती नियम शिकले आणि १९२९, १९३२ व १९३३ असे तीनदा ब्रिटिश विजेते ठरले. मधल्या काळात हेस्टिंग्जला त्यांनी कापाब्लांकाला हरवलं. नियम बदलल्यावर मोहऱ्यांचं वजन नव्याने जोखता आलं, म्हणूनच हे जमलं.

मोठ्यांचे डाव काय सांगतात? १९७१ साली तैमानोव्हविरुद्धच्या चौथ्या डावात फिशरच्या उंटाने शेवटी घोड्याला हतबल केलं, कारण पट मोकळा होता. १९८५ च्या जगज्जेतेपदाच्या सोळाव्या डावात कास्पारोव्हचा घोडा कारपोव्हच्या छावणीत, तिसऱ्या रांगेवर जाऊन बसला आणि पांढऱ्याचं सगळं सैन्य गुदमरलं. १९९९ साली लॅरी कॉफमन यांनी हजारो डावांचा हिशेब मांडला. एकटा उंट आणि एकटा घोडा जवळपास सारखे निघाले, फायदा दिसला तो दोन्ही उंटांच्या जोडीचा, साधारण अर्ध्या प्याद्याइतका. वर्गातला सव्वातीन ही जोडीची गोष्टच सांगत नाही.

"नवख्या मुलांना काहीतरी आकडा हवाच," असं शिक्षक म्हणतील. जरूर द्या. हत्ती देऊन घोडा घेऊ नये, हे आकड्यानेच पटकन कळतं. पण घोडा आणि उंट दोघांनाही तीन म्हणा आणि तिथे थांबा. पुढचं मुलांना पटावर शोधू द्या.

सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभ्या केलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाने या गावाला ते नाव मिळवून दिलं. पंढरीत निदान पाठांतराची दुकानं तरी नकोत. आपल्या उर्दू शाळेतल्या पोरांबद्दल तर बोलायलाच नको. "ही मुलं एवढीच" असा भाव त्यांच्यावर आधीच लावलेला असतो. त्यांच्याच हातात आणखी एक न तपासलेला भावफलक देऊन आपण त्यांना काय शिकवतोय?

या सुट्टीत एवढं करा. एका बाजूला राजा, आठ प्यादी आणि दोन घोडे, दुसऱ्या बाजूला राजा, आठ प्यादी आणि दोन उंट. आधी मधली प्यादी समोरासमोर अडकवून खेळवा, मग तीच प्यादी दोन्हीकडून काढून खेळवा. बाजू बदलून पुन्हा खेळवा. नंतर विचारा, कोण भारी? मूल जर म्हणालं, "आधी पट दाखवा", तर समजा शिकवणीची फी वसूल झाली.