प्रवाळांवर पडणारा पाय

मे महिन्याची सुटी लागली की निपाणीहून फोंडा घाटाने आणि बेळगावहून आंबोलीच्या वाटेने मोटारींची रांग कोकणात उतरू लागते. तिचा मोठा भाग मालवण-तारकर्लीस जाऊन थांबतो. पूर्वी सीमाभागातील माणूस मालवणास जाई तो सिंधुदुर्गावरील शिवराजेश्वराच्या दर्शनासाठी आणि ताज्या मासळीच्या ओढीने. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यात तिसऱ्या आकर्षणाची भर पडली आहे, ती पाण्यात बुडी मारून प्रवाळ पाहण्याची. हौस वाईट नव्हे. परंतु ज्या दिवसांत ही हौस शिगेला पोहोचते तेच दिवस त्या प्रवाळांच्या जिवावर बेतणारे असतात, ही गोष्ट पाहुण्यास ठाऊक नसते आणि यजमानास ती सांगणे परवडत नाही.

आपल्या घरांत प्रवाळाची ओळख आहे ती पोवळ्याच्या रूपाने, मंगळाचा खडा म्हणून. ते लाल पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येणारे. मालवणच्या खडकांवर वाढणारे प्रवाळ त्याचे दूरचे नातेवाईक म्हणता येतील. हे दगडही नव्हेत आणि झाडेही नव्हेत. लहान, मऊ अंगाच्या असंख्य प्राण्यांची ती वसाहत असते. समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन हे प्राणी आपले घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल वस्तीस असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा घरमालकाला देते. प्रवाळाचे रंगही बरेचसे त्याचेच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडते आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. या अवस्थेत प्रवाळ मेलेले नसते, उपाशी असते. पाणी वेळेवर निवले तर ते सावरते. न निवले तर मरते, आणि त्यावर रानशैवालाचा थर चढतो.

लक्षद्वीपच्या नितळ पाण्यात जशी प्रवाळांची बेटे उभी राहिली तशी ती कोकण किनाऱ्यालगत कधी राहिली नाहीत, आणि त्यास कारण आहे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस कर्लीसारख्या नद्यांतून लाल माती घेऊन समुद्रात उतरतो. पावसाळ्याचे चार महिने किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ आणि गोडसर होते, सूर्यप्रकाश अडतो, गाळ अंगावर बसतो. नाजूक फांद्यांच्या प्रवाळांचा येथे निभाव लागणे कठीण. जे टिकले ते बहुतांशी गोल ढिगासारखे किंवा जाड पानासारखे वाढणारे, गाळ झटकून देण्याची ताकद असलेले. म्हणजे मालवणची ही वस्ती शतकानुशतके पावसाने आणि गाळाने निवडून ठेवलेली आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव लाभलेला आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे. २०१९ च्या डिसेंबरात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सहभागाने तेथे शोधमोहीम झाली. पाऊस तोच, समुद्र तोच. परंतु नद्यांच्या गाळापासून दूर असल्यामुळे तेथील पाणी स्वच्छ, आणि प्रवाळांचे जग निराळे.

या गाळाशी घाटमाथ्याचा काही संबंध नाही असे आमच्या वाचकांनी समजू नये. खानापूर तालुक्याच्या रानात उगम पावणारी म्हादई पुढे मांडवी होऊन पणजीजवळ समुद्रास मिळते, आणि तेथून जवळच, मुरगावसमोरील ग्रांदे बेटाभोवती प्रवाळ आहेत. म्हादईच्या पाण्याचा तंटा लवादापुढे गेला, २०१८ साली निवाडा झाला, आणि वर्तमानपत्रांचे रकाने टीएमसीच्या आकड्यांनी भरून गेले, आमचेही. उघड्या पडलेल्या डोंगरांतून आणि खाणींतून त्या पाण्याबरोबर काय वाहून जाते, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

गाळाची सवय असलेल्या या प्रवाळांना उष्णतेची मात्र सवय नाही. मालवणच्या प्रवाळांचे पांढरे पडणे संशोधकांनी गेल्या दशकातच नोंदविले आहे. २०२३ पासून जगभरच्या समुद्रांत प्रवाळ पांढरे पडू लागले आणि एप्रिल २०२४ मध्ये ही चौथी जागतिक आपत्ती असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. कोळसा आणि तेल जाळणारे सारे जग त्यास जबाबदार आहे. एकटे मालवण काय करणार, असा प्रश्न कोणी करील. तापलेले पाणी मालवणला निववता येणार नाही हे खरे. परंतु तापाने फणफणलेल्या माणसाच्या छातीवर बसू नये, एवढे तर घरच्यांच्या हातात असते!

येथे तेच घडते आहे. एप्रिल-मे हे पाणी तापण्याचे दिवस, आणि तेच गर्दीचे. एकेका खडकाभोवती होड्यांची दाटी होते. नांगर पडतो तो प्रवाळावर. पोहता न येणारा पाहुणा घाबरून पाय टेकतो तोही प्रवाळावरच. मासे भोवती जमावेत म्हणून पावाचे तुकडे टाकले जातात. छायाचित्र झकास निघते, पण जे मासे खडकावरील शैवाल चरून प्रवाळाला जागा मोकळी ठेवावयाचे तेच या आयत्या अन्नाच्या नादी लागतात. मालवणात बुडीच्या हौसेपायी प्रवाळांचे होणारे नुकसान राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सविस्तर मांडले आहे. ढिगासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाकाठी सुमारे एक सेंटिमीटर वाढते. हातभर उंचीचा ढीग म्हणजे अर्धे शतक. नांगराला क्षण पुरतो.

कायदा नाही असेही नाही. १९८७ साली येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. सिंधुदुर्ग आणि पद्मगडाभोवतीचा ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग त्याचा गाभा. २००१ पासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे, संरक्षण मिळाले. तरीही अभयारण्याचा प्रभाव पाण्यात फारसा उतरला नाही. मच्छीमारांनी त्यास विरोध केला, आणि तो समजण्याजोगा होता. रापण ओढून पोट भरणाऱ्यास मासेमारीवर बंदी येईल अशी धास्ती वाटली, तर तिचे निरसन करणे हे शासनाचे काम होते. आज त्याच घरांतील मुले होड्या चालवितात, बुडी शिकवितात. त्यांच्या मिळकतीवर सरसकट वरवंटा फिरवावा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. उलट प्रवाळ मेले तर पहिली चूल त्यांचीच विझणार आहे.

म्हणून मागणी करावयाची ती नेमकी असावी. बुडीच्या प्रत्येक जागी होडी बांधण्यासाठी कायमचे तरंगते बोये बसवावेत आणि तेथे नांगर टाकण्यास मनाई असावी. एका वेळी किती होड्या, किती माणसे, हे ठरवावे. माशांना पाव घालणे बंद व्हावे. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापले की त्या जागा तेवढ्या काळापुरत्या बंद ठेवाव्यात. थायलंडने २०१६ साली आपल्या किनाऱ्यावरील अनेक जागा अशाच बंद केल्या होत्या. बंदच्या दिवसांची भरपाई होडीवाल्यास मिळावी, आणि त्यासाठी प्रत्येक बुडीच्या शुल्कातील ठरावीक वाटा वेगळा ठेवावा. निपाणी-बेळगावहून जाणारा पाहुणा एका बुडीस हजार रुपये मोजतो. वर पन्नास देण्यास तो कुरकुरणार नाही. नांगर टाकणारी होडी नाकारण्याचा अधिकार तर त्याला आजही आहे.

पावसाळा सरून समुद्र निवळला की दिवाळीपासून शिमग्यापर्यंत हे बोये बसविण्यास पुरेसा अवधी मिळतो. वनखाते, पर्यटन महामंडळ आणि मालवणच्या मच्छीमार संस्था यांनी त्यापूर्वी एकत्र बसून जागा निश्चित कराव्यात.