खिशातला कागद

तारसेवा २०१३ साली बंद झाली. आता वाईट बातमी येते ती मोबाइलवर, आणि विमानाचा बोर्डिंग पासही त्यातच! नागपूरला ताई अत्यवस्थ असल्याचे कळताच मी मुंबईचा विमानतळ गाठला. सुरक्षातपासणीच्या रांगेत उभा राहतो न राहतो, तोच मोबाइलने डोळे मिटले. धावत काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीने ओळखपत्र पाहिले आणि कागदी पास छापून दिला. त्या काळ्या ठिपक्यांच्या चौकोनात असते तरी काय? नाव, विमान, आसन अशा चार नोंदी. त्या कागदावरही मावतात. ताई भेटली. तेव्हापासून, वाचकहो, मी पासाची छापील प्रत खिशात बाळगतो. ताई हसते. हसू दे बापडी. हसायला ती आहे, हेच मोठे!