मोझेलचा मान परत आला, तो कुणामुळे?

जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या वाइनला पुन्हा मान मिळू लागला, त्याचं श्रेय हल्ली सर्रास तापत्या हवामानाला दिलं जातं. ऊन वाढलं, द्राक्षं नीट पिकू लागली, संपला विषय. मला हे अर्धसत्य वाटतं. १९०० च्या सुमारास, हवा आजच्याहून थंड असताना, इथल्या रीसलिंग द्राक्षाची वाइन फ्रान्समधल्या बोर्दोच्या नामांकित वाइनच्या तोडीस तोड भावाने विकली जात होती. पन्नासाव्या अक्षांशाजवळच्या या खोऱ्यात उत्तम बागा दक्षिणेकडे तोंड केलेल्या उभ्या उतारांवर आहेत. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंटचा चढ तर काही ठिकाणी साठ अंशांच्याही पुढे जातो. तिरपं ऊन अशा कड्यावर जवळजवळ सरळ पडतं आणि काळा स्लेट, म्हणजे शाळेच्या पाटीचाच दगड, दिवसाची ऊब रात्री वेलींना परत देतो. नाशिकला वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये खुडतात. मोझेलच्या रीसलिंगला ऑक्टोबर उजाडावा लागतो. इतक्या सावकाश पिकलेल्या घडातला आंबटपणा टिकतो, म्हणून आठ-नऊ टक्के अल्कोहोलच्या गोडसर वाइनलाही धार असते.

ही पत घालवण्यात १९७१ च्या वाइन कायद्याचा वाटा मोठा. त्याने दर्जा ठरवला रसातल्या साखरेवर. जिथे पिकणंच दुर्मीळ, तिथे त्यामागे तर्क होता, हे मान्य. पण साखर सपाट जमिनीवरच्या, भरपूर उत्पन्न देणाऱ्या म्युलर-थुर्गाऊ जातीच्या द्राक्षातही भरते. वर, याच कायद्याने अनेक गावांच्या बागांची वाइन एका नावाखाली विकायला मोकळीक दिली. पीसपोर्टर गोल्डट्रोप्फशेन हा नावाजलेला उतार, तर पीसपोर्टर मिशेल्सबर्ग हा आजूबाजूच्या बऱ्यावाईट जमिनींचा मोठा गठ्ठा. परदेशातल्या गिऱ्हाइकाला हा फरक लेबलवरून कसा कळावा? स्वस्त, गोडमिट्ट बाटल्यांनी चांगल्यांचंही नाव खराब केलं. पुढे सावरलं ते उत्पन्न मुद्दाम कमी ठेवून उताराचं नाव जपणाऱ्या बागाईतदारांनी. विनिंगनमध्ये हेमान-ल्योवेनश्टाइन, पुंडेरिशमध्ये क्लेमेन्स बुश ही त्यातली ठळक नावं. ‘लहान जागा, वरचा दर्जा’ हे तत्त्व कायद्यात आलं थेट २०२१ मध्ये.

उष्णतेने काहीच दिलं नाही, असं नाही. कोरडी रीसलिंग आता अधिक भरीव होते, पूर्वी कच्ची राहणारी वर्षंही निभावतात. पण तीच उष्णता हातचंही नेते: २०१९ च्या हंगामात पुरेशी थंडीच न पडल्याने जर्मनीभर आइसवाइन, म्हणजे वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांची वाइन, झाली नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, की हे पुनरुज्जीवन मूठभरांचं आहे. इथले नामांकित उत्पादक एगोन म्युलर यांच्या २००३ च्या एका गोड वाइनची बाटली २०१५ साली ट्रियरच्या लिलावात बारा हजार युरोंना गेली. त्याने शेजारच्या कड्यावरची मजुरी निघत नाही. उभ्या उतारावर बहुतेक कामं हातानेच होतात, सपाटीच्या कितीतरी पट वेळ खातात, आणि खुडणीला माणसं पूर्व युरोपातून आणावी लागतात. उतारांवरच्या सर्वांत अवघड पायऱ्यांच्या बागा पडीक पडतात त्या यामुळेच, थंडीमुळे नव्हे. साध्या, रोजच्या बाटलीलाही उताराचा भाव मिळाल्याशिवाय त्या पुन्हा लागवडीखाली येतील, असं मला दिसत नाही.