शपथ वैद्याच्या कानात, हक्काचा पत्ता मात्र कोणालाच नाही : एक थ्रेड

वैद्यकीय नीतीचा इतिहास सांगताना हिप्पोक्रॅटिसच्या शपथेचा दाखला हटकून दिला जातो. तिच्यातील एक प्रतिज्ञा मात्र फारशी वाचून दाखवली जात नाही. रुग्णाच्या घरात शिरणाऱ्या वैद्याने स्त्री असो वा पुरुष, स्वतंत्र असो वा गुलाम, कोणाच्याही देहाचा भोगासाठी गैरफायदा घेऊ नये, अशी ती प्रतिज्ञा आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यातही परस्त्रीचा मनानेसुद्धा अभिलाष धरू नये आणि रुग्णाच्या घरी ओळखीच्या माणसाबरोबरच प्रवेश करावा, अशी बंधने आढळतात.

म्हणजे धोका प्राचीनांना पुरता ठाऊक होता. पण या दोन्ही उपदेशांचा श्रोता वैद्य आहे. ज्याच्या देहाविषयी हे सारे बोलले जाते, तो रुग्ण त्या सभेत नाही. वचन मोडले तर त्याने कोणाचे दार ठोठवावे, हे दोन्ही ग्रंथ सांगत नाहीत.

भारतीय कायद्यात हे दार उघडले ते महाराष्ट्रातील एका प्रकरणामुळे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोषी धरलेल्या दोन पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, हे त्यामागचे तर्कट. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

हा इतिहास बहुतेकांना ‘पोलीस कोठडी’पुरता माहीत असतो. तेवढाच सांगणे हा अर्धवटपणा आहे. १९८३ च्या दुरुस्तीने कलम ३७६ मध्ये पोलीस आणि तुरुंगाधिकारी यांच्याच रांगेत रुग्णालयाच्या व्यवस्थापनातील व सेवेतील माणसाला उभे केले. किमान शिक्षा दहा वर्षांची ठेवली. पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले. शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने न्यायालयात ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, हा त्याचा आशय. खाटेवर पडलेली रुग्ण आणि कोठडीत बसलेली स्त्री दोघीही दुसऱ्याच्या ताब्यात असतात, हे संसदेने चाळीस वर्षांपूर्वी मान्य केले. आज हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ मध्ये आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसलेल्या किती जणींना ती ठाऊक आहे?

येथे वैद्यक आणि पोलीस यांच्यातला एक भेद महत्त्वाचा ठरतो. पोलिसाला अंगाला हात लावण्याचे कारण नसते, डॉक्टरला असते. २०१३ च्या दुरुस्तीने वैद्यकीय प्रक्रियेला बलात्काराच्या व्याख्येतून वगळले, आणि ते रास्तच आहे; त्याविना स्त्रीरोगतज्ज्ञाला काम करता येणार नाही. पण त्यामुळे सगळा वाद ‘ही तपासणी होती की नव्हती’ या एका प्रश्नावर येऊन ठेपतो, आणि त्याचे उत्तर देण्याची विद्या आरोपीकडेच असते. रुग्णाला तपासणी कशासाठी, कोणत्या अवयवाची, हे आधी सांगितलेले नसेल, तर मर्यादा नेमकी कोठे ओलांडली गेली हे तिला घरी गेल्यावरही निश्चित सांगता येत नाही. तिचे मौन पुष्कळदा भीतीपेक्षा या संभ्रमातून येते.

व्यवसायाने स्वतःसाठी लिहिलेल्या नियमांची भाषा पाहावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत रुग्णाशी गैरवर्तनासाठी जे कलम आहे, त्याचा पहिलाच शब्द ‘व्यभिचार’ असा आहे. व्यभिचारात अन्याय होतो तो नवऱ्यावर; रुग्ण तेथे भागीदार ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये व्यभिचाराचा गुन्हा रद्द केला. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे आचारनियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. जुना शब्द जागच्या जागी राहिला.

यावर ठरलेला आक्षेप असा की, असे हक्क भिंतीवर लिहिले तर डॉक्टर-रुग्ण नात्यात संशयाचे विष कालवले जाईल. मग डॉक्टरांवर हल्ला करणाऱ्यास तुरुंगवास होईल, हा २०१० च्या महाराष्ट्र कायद्याचा इशारा प्रतीक्षागृहात लावताना नात्याची चिंता कोणी का केली नाही? तो फलक हवाच. डॉक्टरांना मारहाण होते, हे वास्तव आहे. पण एकाच भिंतीवर एका बाजूच्या भयाला जागा मिते आणि दुसऱ्या बाजूच्या भयाला मिळत नाही, याला विश्वास म्हणत नाहीत.

शिवाय तो दुसरा फलक ऐच्छिक राहिलेला नाही. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असावी, हा रुग्णाचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सनदेत आहे. महाराष्ट्राने शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. त्या स्त्रीची उपस्थिती खोट्या आरोपापासून डॉक्टरचेही रक्षण करते, हे आक्षेपक सोयीने विसरतात.

तक्रारीचे मार्गही अनेक आहेत. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात, हद्द न पाहता नोंदवता येतो. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात रुग्णालय हे ‘कामाचे ठिकाण’ आहे आणि पीडित स्त्री तेथे नोकरीस असलीच पाहिजे अशी अट नाही. म्हणून रुग्णही अंतर्गत समितीकडे जाऊ शकते, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. रुग्ण अठरा वर्षांखालील असेल तर पॉक्सो लागू होतो आणि ज्याला माहिती आहे त्याने कळवणे सक्तीचे ठरते.

डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई हवी असेल तर अर्ज राज्य वैद्यक परिषदेकडे करायचा. नियमाप्रमाणे निकाल सहा महिन्यांत लागला पाहिजे. निकाल विरोधात गेला तर काय? राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९, याचे कलम ३० उघडून पाहावे. परिषदेच्या कारवाईविरुद्ध अपील कोणी करायचे, हे तेथे स्पष्ट लिहिले आहे. ते डॉक्टरने करायचे आहे. तक्रारदार रुग्णाचा त्या वाक्यात उल्लेख नाही.