बंब कळायचा, मग बॉयलर का नको?

ऑक्टोबरअखेरीस इथे ब्रिटनमध्ये घड्याळं तासभर मागे गेली की आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन विषय हमखास असतात. एक, फराळाच्या ऑर्डरी कोण घेतंय. दुसरा, "बॉयलर बंद पडलाय, कुणी ओळखीचा आहे का, स्वस्तात करून देणारा?" पहिल्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दुसऱ्याबद्दल आहे.

गॅसच्या कामात "ओळखीचा" हा निकषच नव्हे. इथल्या कायद्यानं हे काम करणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंदलेला असावा लागतो. (२००९ पर्यंत ही नोंदणी कॉर्गीकडे होती, म्हणून जुनी मंडळी अजून "कॉर्गीवाला" म्हणतात.) त्याच्याकडे ओळखपत्र असतं. ते उलटून बघा. कोणत्या उपकरणांवर काम करायला तो पात्र आहे, ते मागे लिहिलेलं असतं. शेगडी जोडता येणाऱ्याला बॉयलरची परवानगी असेलच असं नाही. दारात आलेल्या माणसाकडे कार्ड मागायचा आपल्याला संकोच वाटतो, त्यातून तो कुणाच्या मेव्हण्याचा मित्र असला तर बघायलाच नको. पण थोडे पौंड वाचवायला आपण काय पणाला लावतोय?

बंद न्हाणीघरात गॅस गीझरमुळे जीव गेल्याच्या बातम्या आपण गावाकडच्या पेपरांत वाचत आलोय. तो कार्बन मोनॉक्साइड इथेही तोच. रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि हिवाळ्यात आपण त्याला फ्लू समजून गोळी घेतो आणि पुन्हा त्याच खोलीत झोपतो. घरातल्या सगळ्यांनाच एकदम त्रास होत असेल, बाहेर पडल्यावर बरं वाटत असेल, किंवा निळी ज्योत पिवळी, मंद दिसायला लागली असेल, तर उपकरण बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन लावा. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो. जुन्या घरात गॅस फायर असेल तर हवेसाठी भिंतीला जाळी असते. थंड वारा येतो म्हणून तिथे टॉवेल कोंबणारी घरं मी पाहिली आहेत. ती जाळी बंद करायची नसते, कितीही हुडहुडी भरली तरी.

आजीच्या घरातला तांब्याचा बंब आठवा. पाणी भरल्याशिवाय पेटवायचा नाही, राख कधी काढायची, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असायचं. त्याचाच नातू कपाटात बसलाय आणि आपण त्याचं तोंडही बघत नाही. काय बघायचं? कॉम्बी बॉयलरवरचा काटा. यंत्रणा थंड असताना तो साधारण १ ते १.५ बारच्या मध्ये हवा. खाली गेला तर फिलिंग लूपची तोटी उघडून पाणी भरायचं आणि तोटी घट्ट बंद करायची. हे आपलं आपण करू शकतो. पण दर आठवड्याला भरावं लागत असेल तर कुठेतरी गळतंय. रेडिएटर खाली गरम आणि वर गार असेल तर आत हवा अडकलीय. हीटिंग बंद करून, तो निवल्यावर किल्लीनं हवा काढायची, मग काटा परत बघायचा. उलट, वर गरम आणि खाली गार असेल तर तळाशी गाळ साचलाय. तिथे किल्लीचा उपयोग नाही, माणूस बोलवावा लागतो. आणि कडाक्याच्या थंडीत सकाळीच बॉयलर रुसला तर बाहेरची पांढरी प्लास्टिकची नळी गोठलेली असू शकते. तिच्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको. बॉयलरचं आवरण मात्र आपण उघडायचं नाही, एवढी एक रेघ आखून घ्या.

गावाहून आई-बाबा आले की थर्मोस्टॅट तिशीवर जातो. त्यांना समजावून सांगा, त्यानं घर लवकर तापत नाही, फक्त जास्त वेळ तापत राहतं. बिल कमी करायचंच असेल तर कॉम्बीवर रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान ७५-८० वरून ६० च्या आसपास आणा. परतीचं पाणी ५५ च्या खाली असेल तरच कंडेन्सिंग बॉयलर धुरातली उष्णता नीट वसूल करतो. घरात गरम पाण्याची टाकी असेल तर मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका, टाकीतलं पाणी पुरेसं तापायलाच हवं.

सगळ्यात जास्त काळजी मला शिकायला येणाऱ्या मुलांची वाटते. एका घरात पाच-सहा जण, भाड्याचं घर, आणि घरमालकाला काही विचारायचं म्हटलं की घशाला कोरड. बाळांनो, दर बारा महिन्यांनी गॅसची तपासणी करून घेणं ही त्याची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि राहायला येण्याआधी त्याचा कागद तुमच्या हातात पडायला हवा. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून, ज्या खोलीत बॉयलर किंवा गॅस फायर आहे तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही त्यानंच लावायचाय. फक्त शेगडी असेल तर ही सक्ती नाही, म्हणून तिथे स्वतः एक घेऊन लावा. आणि पुण्या-नाशकातल्या पालकांनो, पोराला "जेवलास का" विचारताना एकदा अलार्मचं बटण दाबून बघायलाही सांगा, फोन चालू असतानाच. आवाज तुम्हालाही ऐकू येईल.